बाहेरचं कोणी नाही

प्रिय वायरमन,

हे नाव तुला बाबांनी ठेवलेलं, मी नव्हे. पण दुसरं काय लिहावं ते काही केल्या सुचेना. 'सूनबाई' लिहायचा हक्क मला राहिलाय की नाही कोण जाणे, आणि नुसतं तुझं नाव लिहिलं तर बँकेचं पत्र आल्यासारखं वाटेल. तेव्हा वायरमनच बरं. लग्नानंतरचे पहिले आठ दिवस तू या घरात डोकं टीव्हीच्या मागे आणि पाय बाहेर अशा अवस्थेत काढलेस, त्यामुळे नावात खोटं काही नाही. तू गेल्यापासून दोन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलेलं नाही. फोनही केला नाही. फोनवर मी रडले असते, तू गप्प राहिली असतीस, आणि बाबा बाजूला उभे राहून खुणांनी 'काय म्हणतेय, काय म्हणतेय' करत बसले असते. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे तुझ्या रेडिओ केंद्रावर पाठवतेय. कामाच्या वेळात उघडू नकोस. जरा लांबलंय.

तर बातमी अशी की मागच्या सोमवारी आपला राउटर गेला. तू बसवलेला, पुस्तकांच्या कपाटावरचा. सकाळी बघते तर एकही दिवा नाही. बाबांनी त्याला थोपटलं, प्लग काढून परत लावला, मागच्या भोकांत फुंकर मारली, आणि डॉक्टरसारखा चेहरा करून "गेला" म्हणून जाहीर केलं. मग कळलं, त्या एका डब्याच्या जिवावर घरात किती जण जगत होते! बैठकीतला टीव्ही बंद. मागच्या खोलीतला जुना टीव्ही, ज्याला तू बिस्किटाएवढा डबा जोडून शहाणा केला होतास, तोही बंद. बाबांची गाणी वाजवणारे स्पीकर बंद. स्वयंपाकघरातला रेडिओसुद्धा बंद, कारण तो नावाचाच रेडिओ, ऐकवतो सगळं इंटरनेटवरून. तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी बोलत बसलो. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बोलायला फार काही उरलेलं नसतं, पण इलाज नव्हता.

बाबांचा नकाशा तुला आठवत असेल. पस्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, आणि तू त्यांच्या डोळ्यांदेखत घरभर वायरी ओढत होतीस. त्यांना राहवतंय कुठलं! मोठा कागद काढला, टेबल पुसलं, आणि घराचा नकाशा मापात काढायला बसले. भिंती काळ्या शाईत, वायरी निळ्या. वायफायपाशी गाडी अडली. जे हवेतून जातं त्याची रेघ कशी काढायची, यावरून तुमचं सासरा-सुनेचं दोन तास भांडण चाललं होतं. शेवटी लाल तुटक रेघ ठरली. तू म्हणायचीस, "बाबा, हवेवर फार विसंबायचं नाही. मध्ये भिंत आली की संपलं. जिथे जमेल तिथे वायरच ओढायची." आणि म्हणून बैठकीतल्या टीव्हीसाठी कपाटामागून, दाराच्या चौकटीवरून वायर आली. बाबांनी तिला दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी बांधली, वळणदार अक्षरात. मी तेव्हा तुमची यथेच्छ टिंगल केली होती. टीव्ही बघायला एवढा खटाटोप कशाला, म्हणाले होते. पण पहिल्या रविवारी तू माझ्या हातात रिमोट दिलास आणि पडद्यावर चार गोल चेहरे आले, तेव्हा मी गप्प झाले. 'कोण बघतंय?' असं टीव्हीने मला विचारलं. आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं. जे लागलंय ते बघायचं, एवढंच माहीत होतं. चष्मेवाल्या मांजरीखाली तू 'आई' लिहिलं होतंस. बाबांना हत्ती दिलास, चिरंजीवांना घोडा, आणि स्वतःसाठी घुबड घेतलंस.

मग आपल्या दोघींची ती बेटावरच्या डॉक्टरणीची मालिका सुरू झाली. रविवारी दुपारी, मांजरीवर नाही तर तुझ्या घुबडावर, कारण तू दोन भाग आधीच बघून ठेवले होतेस आणि ते परत बघायला तयार नव्हतीस. मला ते पहिले दोन भाग आजतागायत धड माहीत नाहीत. ती डॉक्टरीण बेटावर का आली, हे तू मला तोंडी सांगितलंस, आणि मला वाटतं थोडं पदरचं घालून सांगितलंस. दुसऱ्या मोसमाच्या चौथ्या भागाशी आपण थांबलो. पाचव्या भागाच्या रविवारी तू घरात नव्हतीस.

त्यानंतर दोन महिने मी बैठकीतला टीव्ही लावलाच नाही. दुकानातून यायचं, चष्म्यांच्या काचा पुसून पुसून हात भरून आलेले असायचे, गरम पाण्यात बुडवायचे आणि झोपायचं. मग एका संध्याकाळी लावला. चार चेहरे आले. चिरंजीव दुसऱ्या गावी नोकरीला गेले तरी त्यांचा घोडा होता, आणि तुझं घुबडही होतं. घरातून तुझी प्रत्येक वस्तू गेली होती, चपलांच्या मांडणीतली जागासुद्धा भरून गेली होती, आणि इथे तू होतीस, नाव घालून. मला राहवलं नाही. मी घुबडावर दाबलं. दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटलं, पण दाबलं. आणि काय बघते, तर आपल्या मालिकेचा पाचवा भाग झालेला, सहावा झालेला, सातव्याखालची लाल रेघ निम्म्यावर थांबलेली.

तू बघत होतीस! कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत बसून तू आपली मालिका पुढे बघत होतीस. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून माझा नेमच झाला. दुकानातून आले की आधी घुबड, मग चहा. तुझी रेघ कुठवर आली ते बघायचं, आणि मग मांजरीवर जाऊन तेवढंच मी बघायचं. तुझ्या पुढे जायचं नाही. तुझा माझा धागा म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तो तुटू नये म्हणून मी शनिवारी-रविवारी कोणी पाहुणा आला तरी त्याला दुसरं काही लावू द्यायची नाही.

आता हसू नकोस, पण त्या रेघेवरून मी तुझा अख्खा संसार उभा केला होता. रेघ दुपारी पुढे जायची, सकाळी निघताना होती तिथून संध्याकाळी सरकलेली असायची. म्हणजे तुझी सकाळची पाळी असणार, दोनला घरी येत असशील. आठवड्यातून दोनदा भाग मध्येच सोडलेला असायचा. म्हणजे बघता बघता डोळा लागत असणार, पोरगी दमत असणार. कोणी उठवत नाही म्हणजे एकटी राहत असणार. शनिवार-रविवार रेघ हलायची नाही. म्हणजे सुट्टीला बाहेर पडतेस, मैत्रिणी झाल्या असतील, चांगलं आहे. एकदा मी घुबडाच्या यादीत माझ्याकडून एक सिनेमा टाकला, जहाजाच्या इंजिनवाल्यांचा. तुला यंत्रं आवडतात म्हणून. चौथ्या दिवशी तो निम्मा बघितलेला होता! त्या दिवशी दुकानात मालकांनी मला दोनदा विचारलं, बाई, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सुनेचं पत्र आलंय. आणि गेल्या हिवाळ्यात एक आठवडा रेघ हललीच नाही. तू आजारी आहेस, तापाने फणफणली आहेस, पाणी द्यायला कोणी नाही, असं काय काय डोळ्यांपुढे यायला लागलं. घरात बोलायचं कोणाशी, तर बाबाही त्या आठवड्यात त्यांच्या बहिणीकडे गेलेले. आठव्या दिवशी रेघ पुढे गेली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तुला आत्तापर्यंत कळलं असेल. मला कळायला गुरुवार उजाडावा लागला.

गुरुवारी इंटरनेटवाला आला. पन्नाशीचा माणूस, तीन जिने चढून धापा टाकत होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी आधी त्याचा चष्मा काढून घेतला, काडी गरम पाण्यात धरली, वाकवून कानामागे नीट बसवली, आणि मगच त्याला राउटरकडे जाऊ दिलं. बाबांनी नकाशा पुढे पसरला. त्या माणसाने तो इतका वेळ पाहिला, की बाबांची मान दोन इंच वर गेली. असा कागद मला एकाही घरात मिळाला नाही, म्हणाला. माणूस आपल्या कामातला पक्का. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देतो म्हणाला, म्हणजे घरातल्या यंत्रांना काही बदललंय हे कळणारसुद्धा नाही. आणि खरंच, पाच मिनिटांत स्पीकर बोलले, रेडिओ बोलला, टीव्हीवर चार चेहरे हजर. मी कोणाला दिसणार नाही अशा बेताने पदराला डोळे पुसले.

मागच्या खोलीतला डबा मात्र अडखळत होता. इंटरनेटवाला म्हणाला, ताई, हे खातं कुठे कुठे उघडलंय ते बघून घेतो, हल्ली बाहेरची माणसं पासवर्ड मिळवून फुकट बघत बसतात. मी घाईघाईने म्हटलं, असू दे, असू दे, आहे एक जण, आमचंच माणूस आहे, तिला काढू नका. त्याने बघितलं, आणि माझी समजूत घालावी तसा म्हणाला, "नाही हो ताई, काळजीच करू नका. बाहेरचं कोणी नाही. दोनच टीव्ही आहेत, दोन्ही याच घरातले. वर्षभरात तिसरीकडे कुठेही उघडलेलं नाही."

बिचारा चांगली बातमी सांगत होता. मी खुर्चीत बसले. बाबा नकाशाची घडी घालत होते. त्यांनी ती घडी घातली, उलगडली, परत घातली. मागच्या खोलीतला टीव्ही दुपारी कोण लावतं हे विचारायची गरज नव्हती. अकरा ते सहा मी दुकानात असते. घरात माणूस एकच.

तो गेल्यावर मी विचारलं. पहिल्यांदा चुकून झालं म्हणाले. त्या डब्यावर तुझंच घुबड आधी येतं, त्यांना हत्तीकडे जाता येईना, जे पुढे आलं ते बघत बसले. "मग त्या संध्याकाळी तू भांडी घासताना गुणगुणत होतीस," म्हणाले. "दोन महिन्यांनी. मी विचार केला, हिला झालं काय. दुसऱ्या दिवशी दाराआडून बघितलं, तर तू घुबड उघडून रेघ बघत होतीस." एवढंच. त्यानंतर हा माणूस रोज दुपारी दोन वाजता मागच्या खोलीत जाऊन बेटावरच्या डॉक्टरणीचा एक भाग लावायचा. शनिवार-रविवार नाही, कारण मी घरात. मध्येच सोडलेले भाग म्हणजे बाबांची डुलकी. जहाजाच्या इंजिनवाल्यांत त्यांना विसाव्या मिनिटाला झोप लागली, रेघ निम्म्यावर जाऊन थांबली ती कोणी न बघता. मी म्हटलं, निदान आवडली तरी का मालिका? तर म्हणाले, "छे. ती बाई एका रोग्याला धड औषध देत नाही. पण तुझ्यासाठी सगळे मोसम काढले." तीस वर्षं मी लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतेय, आणि मला मागच्या खोलीतलं दिसलं नाही.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मला फसवलं म्हणून नव्हे. रागवायचं ते तरी कशावर? कोणत्या नवऱ्याने बायकोसाठी एवढं केलं असेल! मला राग आला तो वेगळाच. तुझी सकाळची पाळी, तुझी दुपारची झोप, तुझ्या मैत्रिणी, सगळं माझ्या हातून एका वाक्यात गेलं. तू एकटी राहतेस की नाही, दमतेस की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तुझी चौकशी करत होते असं समजून स्वतःवर खूश होते, आणि प्रत्यक्षात मी तुला एकदाही विचारलं नव्हतं. रेघ होती म्हणून माझं भागलं होतं. रेघ नसती तर मी कधीच पेन हातात घेतलं असतं.

शनिवारी सकाळी मला त्या माणसाचं आणखी एक बोलणं आठवलं. जाता जाता तो म्हणाला होता, खातं व्यवस्थित चालू आहे, या महिन्याचंही भरलेलं आहे. मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. मी समजत होते ते चिरंजीव भरतात. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, नाही गं, ते तिच्याच नावावर आहे, मला वाटलं तिने केव्हाच बंद केलं असेल. म्हणजे तू स्वतः बघत नाहीस आणि दर महिन्याला आमच्यासाठी चालू ठेवतेस. की विसरली आहेस? बाबा म्हणाले, ती स्क्रूचा एक वॉशर विसरायची नाही, हे कसं विसरेल. मलाही तसंच वाटतं, पण आता मी अंदाज बांधायचे सोडलेत. विसरली असलीस तर खुशाल बंद कर, आम्ही आमचं उघडू. आठवणीने ठेवलं असशील, तर ते कशासाठी ठेवलंस हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलेलं नाही. इतकी पानं झाली तरी लिहायचं ते मी पुढेपुढे ढकलतेय. या पत्रातही मी 'तू गेल्यापासून' असं लिहिलंय. दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले, बहिणीला, शेजारी, दुकानात: सून गेली. गेली म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न तुझ्याकडे जातात, आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही. त्या दिवशी बैठकीत माझा मुलगा तुला काय बोलला ते मी शब्दन् शब्द ऐकलं. तू महिनाभराची मुदत मागितलीस तेही ऐकलं, आणि त्याने आजच्या आज निघ म्हटलं तेही. पुढचं ऐकायला नको म्हणून मी नळ पूर्ण सोडला. मोरीत धुवायला एक भांडं नव्हतं. परवा फोनवर मी त्याला सांगितलं, ती गेली नाही, तू तिला घालवलंस, आणि मी उभी राहून ऐकलं. तो "हो" म्हणाला. काल बहिणीला सांगितलं, आज सकाळी दुकानात मालकांनाही सांगितलं. राहिलीस ती तू. बॅग घेऊन निघताना तू स्वयंपाकघराच्या दारात थांबलीस, नळाच्या आवाजातही मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने म्हणालीस, "आई, येते." त्यावर घरातल्या मोठ्या माणसाने काय म्हणायचं असतं ते कोणालाही ठाऊक असतं. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि काही म्हटलं नाही. माझं चुकलं, बाळा. फार चुकलं. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणते, उशीर झालाय हे माहीत असून म्हणते. ये.

तुझीच,
आई